गालिच्याचं कारस्थान

ताईंना पहिला संशय आला तो गालिच्यावरून.

त्यांच्या धाकट्या भावानं उभ्या जन्मात गालिच्याला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. "माणसं जेवतात तिथे गालिचा अंथरणं म्हणजे मुद्दाम किडे पाळणं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि तोच माणूस एका सकाळी किचनमधून हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, हॉल नवा करायचा म्हणतोय. सगळीकडे गालिचा घालू. भिंतींना कापड लावू, खिडक्यांना जाड पडदे."

आता सांगा, संशय येईल की नाही?

हॉटेल दोघा बहीणभावांचं. चांगलं उंची हॉटेल. लोक तिथे ठेवणीतले कपडे घालून यायचे. किचन भावाचं आणि हॉल ताईंचा, अशी पहिल्या दिवसापासूनची वाटणी. लग्न ताईंनी केलं नाही, त्यांचा संसार म्हणजे हा हॉल. पांढरी दगडी फरशी, उंच उघड्या खिडक्या, भिंतभर आरसे. एकेक फरशी त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून निवडलेली. संध्याकाळी दारातल्या त्यांच्या उंच डेस्कामागे त्या उभ्या राहिल्या की हॉटेल उघडलं असं लोक समजायचे. आणि त्या हॉलवर आता कापड घालायचं? भिंतींना कान असतात म्हणतात. इथे भिंतींचे कान कापूस घालून बंद करायचा बेत चालला होता.

"भावाला हे सुचलेलं नाही," ताईंनी मनाशी ठरवून टाकलं. "कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय."

कुणीतरी म्हणजे कोण, तर अर्थातच भावजय. दुसरं कोण असणार? चारच दिवसांत एक इंटिरियरवाली बाई नकाशांची गुंडाळी काखेत मारून हजर झाली, आणि ती निघाली भावजयीच्या मैत्रिणीची पुतणी. ताईंनी मनात टाळी वाजवली. पाणी मुरतंय ते इथे.

मग मतांचा नुसता बाजार भरला. हॉलचा कप्तान, म्हणजे सगळ्या वेटरांचा मुख्य, म्हणाला की गालिच्यावर ट्रॉली ओढायची म्हणजे वाळूत गाडी ढकलायची. त्याला फरशीच हवी होती. भावजय म्हणाली, गालिचा हवा, पण त्या शेवाळी रंगाचा नको, जेवण आजारी दिसतं. इंटिरियरवाली म्हणाली, शेवाळी रंग सध्या सगळीकडे आहे. "मग सगळीकडेच जाऊन जेवा की," ताई म्हणाल्या. भाऊ म्हणाला, रंग कुठलाही घाला, जाडी सोडू नका. पुन्हा पुन्हा तेच. जाडी किती, कापूस किती, छताला काही लावता येईल का. अरे, तू हॉटेल सजवतोयस की गादी भरतोयस?

नकाशा टेबलावर पसरला तेव्हा ताईंच्या पायाखालची ती लाडकी फरशी खरोखरच सरकली. त्यांचं डेस्क दारात नव्हतं. दारापासून चार हात आत एक कोनाडा काढला होता, तिन्ही बाजूंनी कापडानं मढवलेला, आणि त्यात ते डेस्क.

"हे काय?" त्यांनी बोट ठेवलं.

"तिथे तुला बरं पडेल ताई," भाऊ म्हणाला, पण नकाशाकडे बघत. त्यांच्याकडे बघून नाही.

बरं पडेल! म्हाताऱ्या माणसाला कोपऱ्यात बसवताना सगळे हेच म्हणतात. आज कोनाडा, उद्या घर, परवा तीर्थयात्रेची तिकिटं. सुंठीवाचून खोकला गेला. ताईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. दारातली जागा गेली तर आपल्याकडे काय उरतं, हा विचार त्यांनी केला आणि लगेच टाकून दिला, कारण उत्तर त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवसापासून त्या डोळ्यांत तेल घालून बघू लागल्या. आणि बघणाऱ्याला काय, सगळं दिसतं. आपण जवळ गेलो की लोक आवाज खाली करतात, हे त्यांना हल्ली वर्षभर जाणवत होतंच. आता खात्री पटली. भाऊ आणि भावजय बोलत असायचे, ताई दोन टेबलं अलीकडे आल्या की ओठ हलायचे आणि आवाज गायब. वेटरसुद्धा कुजबुजायचे. इंटिरियरवाली तर बोलते की नुसती तोंड हलवते, कळत नव्हतं. फोनवर बुकिंग घेणं त्यांनी केव्हाच कप्तानाकडे दिलं होतं, कारण लाइन खराब झाली होती आणि तक्रार करूनही कुणी दुरुस्त करत नव्हतं. तीही आता त्यांना साधी गोष्ट वाटेना.

पण खरा घाव बसला तो गुंडीवरून.

या हॉटेलात एक रीत होती, आणि ती ताईंनीच घालून दिली होती. हॉलमध्ये कुणीही कुणाला हाक मारायची नाही. सगळं काम हातांनी चालायचं. बाहीवर दोन बोटं म्हणजे पुढचा पदार्थ आणा. मनगट धरलं म्हणजे थांबवा. आणि कॉलरच्या गुंडीला हात लावला म्हणजे, सांभाळून, या गिऱ्हाइकाशी जपून वागा. हा गुंडीचा इशारा नाजूक लोकांसाठी राखलेला होता. एखादा चिडका, एखादा प्यायलेला, भांडून आलेलं एखादं जोडपं. ताई आरशात बघून साऱ्या हॉलवर राज्य करायच्या, एक अक्षर न बोलता. पाहुणे म्हणायचे, किती शांत जागा आहे!

त्या दुपारी ताई हॉलमधून चालल्या होत्या. समोरच्या आरशात त्यांना दिसलं, की त्यांच्या पाठीमागे कप्तान नव्या वेटरकडे बघतोय आणि कॉलरच्या गुंडीला हात लावतोय. गिऱ्हाईक एकही नव्हतं. हॉलमध्ये फक्त ताई होत्या.

अगं बाई! म्हणजे जपून वागायचं ते माझ्याशी? मी शिकवलेली भाषा, आणि ती माझ्याच पाठीवर? त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावावरचा राग एकवेळ गिळता आला असता, पण कप्तानाला त्यांनी हाताला धरून शिकवलं होतं. सगळे एक झालेत, आपणच तेवढ्या बाहेर. 

मग त्यांनीही ठरवलं. चोरून का होईना, एकदा यांचं बोलणं ऐकायचंच.

संधी आयती चालून आली. इंटिरियरवालीनं नमुना म्हणून हॉलचा एक कोपरा तयार केला. खाली जाड गालिचा, भिंतीला कापूस भरलेलं कापड, बाजूला पडदे, मध्ये एक टेबल. कोनाडासुद्धा लाकडी चौकटीवर कापड ताणून उभा केला होता. दुपारची जेवणं आटोपली, वेटर आराम करायला गेले, तशा ताई त्या कोनाड्यात शिरल्या आणि पडदा ओढून स्टुलावर बसल्या. या वयात लपाछपी! पण लाज वाटून घ्यायची वेळ गेली होती.

थोड्या वेळानं भाऊ आणि भावजय त्या टेबलापाशी येऊन बसले. पडद्याच्या फटीतून त्यांचे चेहरे दिसत होते. आणि काय आश्चर्य, ताईंना शब्दन् शब्द ऐकू आला.

"शेवाळी नकोच," भावजय म्हणाली. "बघा ना, तुमचा चेहरासुद्धा हिरवा दिसतोय."

"रंगाचं तुझं तू बघ," भाऊ म्हणाला.

बघा, ताई मनात म्हणाल्या, मी नाही असं वाटलं की कसा कंठ फुटतो दोघांना!

तेवढ्यात पलीकडे फरशीवर कप्तान आला. भाऊ उठून त्याच्याकडे गेला. दोघं बोलू लागले आणि आवाज विरघळला. नुसता गोंगाट उरला, भांड्यात भांडं आपटल्यासारखा. ताईंनी फटीला डोळा लावला. भावाचं तोंड चांगलं मोठं उघडत होतं, हात हलत होते, मान हलत होती. कुजबुजणारा माणूस असा दिसत नाही. भाऊ बोलत बोलतच परत फिरला, फरशीवरून त्यानं गालिच्यावर पाय ठेवला, आणि त्याचा आवाज कुणी बटण दाबल्यासारखा पुन्हा सुरू झाला.

"...तर सोमवारी काम सुरू करू," तो म्हणत होता.

माणूस तोच. आवाजही तोच, जराही चढला नव्हता की उतरला नव्हता. ताईंनी पायाखालच्या गालिच्याकडे पाहिलं.

"आधी वन्संना सांगून टाका," भावजय म्हणाली. "किती दिवस लपवणार? त्यांना वाटतंय मी त्यांना हाकलायला बसलेय. माझ्याकडे बघतात कशा, तुम्ही पाहिलंत का?"

"काय सांगू? तुला ऐकू येत नाही म्हणून? कानाच्या यंत्राचं नाव काढलं तर घर डोक्यावर घेईल. आणि पटलं तर त्याहून वाईट. दार सोडून जाईल ती. ते दार गेलं की ताई संपली." भावानं तोंडावरून हात फिरवला. "फरशीनं आवाज घुमतो, त्यात तिला काही उमगत नाही. कोनाड्यात तरी पाहुण्यांचं बोलणं कळेल."

"आणि त्या सात नंबरच्या टेबलावरच्या काकांचं काय?"

"त्यांचं नाव काढू नकोस."

"काढणार. दारात उभं राहून त्यांनी सांगितलं, बायको गेली माझी. आणि वन्सं हसून म्हणाल्या, वा, वा, फार छान! या, तुमचं दोघांचं टेबल तयार आहे. ते गृहस्थ दोन ग्लासांसमोर एकटे बसले आणि न जेवता उठले. पुन्हा आले नाहीत. कप्तानानं पाहिलं म्हणून आपल्याला कळलं तरी. अशी आणखी किती माणसं असतील?"

ताईंनी पडदा सारला.

दोघं ताडकन उठले. भावाचा चेहरा आता खरोखरच हिरवा दिसत होता.

"मी हसले?" ताईंनी विचारलं.

भावानं भावजयीकडे पाहिलं.

"गप्प काय बसलात? इथे मला ऐकू येतं. मी हसले का त्यांच्या तोंडावर?"

"ताई, तुला काय माहीत होतं..."

"आणि तुम्हाला माहीत होतं! माझ्या पाठीमागे गुंड्या चाचपत होतात, त्यापेक्षा एकदा तोंडावर सांगितलं असतं तर?"

"ती गुंडी म्हणजे..." कप्तान लांबून धावत आला आणि गालिच्यावर येऊन त्यांच्या अगदी समोर उभा राहिला. "ताई, नव्या पोरांना सांगितलंय, तुमच्याशी पाठीमागून बोलायचं नाही. समोर यायचं. तेवढंच."

आता ताईंच्या लक्षात आलं, की हल्ली सगळे त्यांच्या समोर येऊन उभे राहतात. त्याचाही त्यांना रागच आला होता. हातांच्या भाषेनं चालणाऱ्या हॉलमध्ये कानांना कामच नव्हतं. ते केव्हा निघून गेले हे त्यांना कळलंच नाही. आणि त्या खराब लाइनीवर, कुजबुजीवर, भावजयीवर आळ घेत बसल्या. त्यांनी भावजयीकडे पाहिलं. ती पदरानं डोळे पुसत होती.

"तू रडू नकोस," ताई म्हणाल्या. "तुझं चुकलं नाही. मीच तुला नाही नाही ते बोलले, मनात का होईना."

"वन्सं, मनातलं तुमच्या चेहऱ्यावर दिसायचं."

भाऊ एवढंसं तोंड करून उभा होता. "ताई, हे सगळं तू दारात राहावीस म्हणून..."

"कळलं रे. गालिचा घाल. लोकांनाही एकमेकांचं ऐकू येईल. यंत्रही आण, घालीन. पण सोमवारपासून दारात ही तुझी बायको उभी राहील. दारात आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ऐकू यायला हवं. ते मला येत नाही." त्या कप्तानाकडे वळल्या. "सात नंबरचे राहतात कुठे?"

"मी येतो बरोबर," भाऊ म्हणाला.

"तू कशाला? हसले मी."

ती इमारत जुनी होती आणि जिना दगडी होता. ताईंनी बेल वाजवली. ती वाजली की नाही कळेना, म्हणून पुन्हा वाजवली. दार उघडलं. गृहस्थ वाळले होते, दाढी वाढली होती. त्यांना ओळखून ते काहीतरी बोलले. दगडी जिन्यात त्याचा नुसता घुमारा झाला.

सवयीनं ताईंच्या ओठांवर दारातलं ते हसू यायला लागलं. त्यांनी ते जागीच आवरलं.

"जरा मोठ्यानं बोला," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. "मला ऐकू येत नाही. त्या दिवशीही आलं नव्हतं. तुम्ही काय सांगितलंत ते मला आज कळलं, दुसऱ्यांकडून. ते मी तुमच्याकडून ऐकायला आलेय."

 गृहस्थ पुन्हा बोलले, जरा मोठ्यानं. ताईंनी मान हलवली, नाही म्हणून. त्यांचे स्वतःचे डोळे वाहायला लागले होते, पण त्या माणसाच्या तोंडावरून त्यांनी नजर काढली नाही. गृहस्थांनी चौकट धरली, श्वास घेतला आणि ओरडले.

"बायको गेली माझी!"

समोरच्या घराचं दार उघडलं, कुणीतरी डोकावलं. वरच्या मजल्यावरही हालचाल झाली असावी. गृहस्थांनी चौकट सोडली नाही. इतक्या दिवसांत हे त्यांनी एवढ्या मोठ्यानं कुणालाच सांगितलं नसणार.

"ऐकलं," ताई म्हणाल्या. "कशा गेल्या हो?"

गृहस्थांनी डोळे पुसले. मग ते दारातून बाजूला झाले. "आत या," ते म्हणाले, आणि ते मात्र ताईंना त्यांच्या ओठांवरून कळलं.