तळातला ससा

ताईने कापडी सशाचा डोळा चिमटीत धरून ओढला, आणि तो अलगद तिच्या हातात आला.

काउंटरवर तान्ह्या बाळाच्या घशाच्या मापाची नळी होती. डोळा तिने नळीत टाकला. कुठे अडकला नाही, थेट आत गेला. नळीत मावेल ते तिच्या खेळण्यांच्या दुकानात ठेवायचं नाही, हा तिचा कायदा. मग माल सख्ख्या धाकट्या भावाचा का असेना.

"खोकी परत ने," ती म्हणाली.

"अगं, नमुना तूच तपासला होतास की!"

"नमुना तू निवडून दिलेला. हा मी खोक्याच्या तळातून काढलाय."

"पण सर्टिफिकेट आहे ना!"

"कागद काय बाळाच्या घशात हात घालणार आहे?"

भावाने कपाळावरचा घाम पुसला. नवा धंदा, पहिलाच मोठा माल. तो परत गेला तर कंबरडंच मोडलं म्हणायचं. ताईला का हे कळत नव्हतं? लहानपणी त्याच्या वाटणीची बोलणी तिनेच खाल्ली होती, आणि आता त्याच्याच पोटावर पाय द्यायचा! तिला गलबलून आलं.

"तू ओढतेस पैलवानासारखी. बाळ कशाला एवढं ओढेल?"

"बाळ चावतं रे."

"काही होत नाही, ताई. एवढ्या वेळेस घे. माझ्यासाठी."

ताईने नळी उचलली, पुन्हा खाली ठेवली. 'बरं' हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

तेवढ्यात दार ढकलून भावजय आत आली. कडेवर भावाची चिमुरडी, चिमुरडीच्या हातात तसलाच ससा, आणि त्याचं अर्धं डोकं तिच्या तोंडात! ताईच्या काळजात धस्स झालं. काउंटरवरून वाकूनच तिने तो हिसकावला. पोरीने भोकाड पसरलं.

सशाला डोळे नव्हते. त्या जागी काळ्या दोऱ्याचे घट्ट टाके होते.

"अहो ताई, घाबरू नका," भावजय हसत म्हणाली. "आणल्या आणल्या ह्यांनीच डोळे उपटून टाकले. मला म्हणाले, दोऱ्याने शिवून दे, ही बया सगळं तोंडात घालते."

ताईने भावाकडे पाहिलं. तिने ससा पोरीला परत दिला. पोरगी मुसमुसत गप्प झाली.

भाऊ खाली बसला. उघड्या खोक्याची झाकणं त्याने एकेक करून मिटली, आणि मान वर न करता विचारलं,

"चिकटपट्टी कुठंय गं?"