कैलासवासी मैनाबाईचा दिवा

चंद्रभानचं लग्न विजयाशी लागलं ते साल एकोणीसशे सहासष्ट. नवरी घरात आली आणि पंधरा दिवसांत चंद्रभानची मावशी मैनाबाई घराबाहेर पडली. चंद्रभान तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर वायरमन होता, बोईसरला राहायचा. खोली एक, माणसं तीन, त्यात नवरी नवी. मैनाबाईनं त्याला आईविना वाढवलेला. तीच म्हणाली, "मला आश्रमात ठेव, लेकरा. रोज रात्री म्हातारीनं खोकत अंगणात किती येळ बसावं?"

आश्रम चिंचणीच्या रस्त्याला होता. अर्धी इमारत एका शेठनं दिलेली, अर्धी दुसऱ्यानं. दोघांचं आपसांत पटेना, म्हणून जोत्यांची उंचीही जुळली नाही. खोल्यांकडून जेवणघराकडं जाताना बोळाच्या मधोमध वीतभर पायरी लागायची. बोळाला दोन खिडक्या होत्या. पण देणगीदारांच्या संगमरवरी पाट्यांना भिंती पुरेनात, तेव्हा उरलेल्या पाट्या खिडक्यांत बसवल्या. भर दुपारी बोळात काळोख. पाट्यांवर सोनेरी अक्षरं होती म्हणे. ती कुणी पाहिली नव्हती.

मैनाबाईच्या शेजारच्या खाटेवर एडवणची राहीबाई होती. जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चाललेली. कधी पाय घसरला नाही. एका दुपारी ती ताट घेऊन निघाली आणि त्या पायरीवर कोसळली. ताट घरंगळत जेवणघरात पोचलं, राहीबाई पोचली नाही. खुब्याचं हाड मोडलं. खाटेवर पडली ती पडलीच.

व्यवस्थापक आनंदराव मोठे तत्पर. त्याच संध्याकाळी त्यांनी बोळात एक कागद चिकटवला. रविवारी चंद्रभान आला, त्यानं काडी ओढून तो वाचला: 'रहिवाशांनी पडू नये. हुकमावरून.'

आपला खुबा मोडला तर उचलायला कोण? मैनाबाई भिंत धरून, पायानं पायरी चाचपत चालू लागली. शेवटी कार्यालयात गेली.

"सायेब, बोळात येक दिवा लावा."

आनंदराव रहिवाशांना नावानं ओळखत नसत. खाटेच्या आकड्यानं ओळखत. "खाट अकरा, असा दिवा लावता येत नाही. समितीचा ठराव आहे. इथल्या भिंतीवर जे लागेल ते कुणा दिवंगताच्या स्मरणार्थच लागेल. घड्याळ पाहा, पंखा पाहा, ही खुंटी पाहा. प्रत्येकाखाली कैलासवासी आहे."

"म्हंजे कुणी मेल्याबिगर उजेड न्हाई?"

"तुमच्या घरात कुणी गेलं असेलच की. यजमान?"

मैनाबाईचा हात कपाळाच्या कुंकवाकडं गेला. नवरा पुंजाराम बैलबाजाराला म्हणून गेला त्याला तीस वर्षं झाली. परतला नाही, गेल्याची खबरही नाही. "त्यांना मी मारायची न्हाई," ती म्हणाली आणि बाहेर आली.

पुढल्या रविवारी तिनं चंद्रभानला हुकूम सोडला. "दिवा आण. खाली पाटी लाव. कैलासवासी मैनाबाई यांच्या स्मरणार्थ."

"मावशी! जित्या माणसाला कैलासवासी कसं करू?"

"न करायला काय झालं? नवऱ्याचं नाव घातलं तर कुंकू पुसावं लागंल. माझं घातलं तर मी अहेव मेले. अहेवपणी मरण यायला बाया नवस करत्यात, मला फुकट मिळतंय."

खाटेवरून राहीबाई हसली, "लाव रे बाबा! मेल्यावर काय उजेड पाडायचाय? जिती हाय तवर पाडू दे तिला."

चंद्रभाननं अर्ज भरला. दात्याचं नाव होतं, मयताचं नाव होतं, सगळं रीतसर. आनंदरावांनी न वाचता सही ठोकली. पायरीच्या बरोबर वर दिवा लागला. पाट्यांवरची सोनेरी अक्षरं लोकांनी पहिल्यांदाच पाहिली, आणि पायरीही. त्यानंतर तिथं कुणी पडलं नाही.

दिवाळीनंतर समितीचे अध्यक्ष पाहणीला आले. नव्या पाटीपुढं टोपी काढून मिनिटभर उभे राहिले. मैनाबाईही मागं पदर सावरून उभी राहिली. अध्यक्षांनी विचारलं, "या बाई आपल्याच रहिवासी होत्या ना? कधी गेल्या?" आनंदरावांनी घाईनं नोंदवही काढली. मैनाबाई, खाट अकरा. गेल्याची नोंदच नाही! एवढा गलथानपणा अध्यक्षांपुढं? त्यांनी तिथल्या तिथं नाव खोडून तारीख घातली.

दुसऱ्या सकाळी चहा वाटणारी भागी मैनाबाईच्या खाटेपाशी थबकली. भागी मनोरकडच्या पाड्यावरची, सरळ बोलणारी. "आजी, तुजा कप नाय. तू मेलीस असा सायब सांगतं."

"मग तू बोलतीस कुणाशी?"

"तां मला ठाव नाय. पन कप नाय."

मैनाबाई कार्यालयात जाऊन उभी राहिली. आनंदरावांनी तिच्याकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं. वहीवर त्यांचा विश्वास जास्त. मग घाम पुसत म्हणाले, "बाई, दोनच रस्ते. तुम्ही जिवंत असाल तर ती पाटी खोटी, आणि पाटी खोटी तर दिवा उतरवावा लागेल. दिवा ठेवायचा तर..."

मैनाबाईनं बोळाकडं पाहिलं. नजर अधू झालेले एक आजोबा उजेडात पायरी बघून सावकाश पाय टाकत होते.

"दिवा ऱ्हाऊ द्या. म्या मेलेलीच बरी."

"पण जेवणाचं काय? मयताला जेवण कुठल्या ठरावानं द्यायचं?"

तोडगा भागीनं काढला. राहीबाईला भरवायला, कूस बदलायला माणूस लागतंच. मग खाट दहाची सेविका म्हणून बिननावाची एक बाई कामाला लागली. सेविकांना दोन वेळचं जेवण आणि चहा होता. मैनाबाई मेल्यावर तिला कप मोठा मिळू लागला.

वहीत मैनाबाईच्या नावापुढं एकोणीसशे सहासष्टच्या कार्तिकातली तारीख आहे, ती कुणी बदलली नाही. राहीबाई वारली एकोणीसशे सदुसष्टच्या श्रावणात, मैनाबाईच्या मांडीवर; पडल्यापासून ती उठली नव्हती. मैनाबाई वारली एकोणीसशे एकोणसत्तरच्या फाल्गुनात, दुपारी, आपल्या पायांनी बोळ ओलांडून, जेवून येऊन खाटेवर टेकल्यावर.