स्वर्गारोहणाच्या रविवारची पाळी

हासिंतोला अक्षरओळख झाली ती चाळिशी उलटल्यावर, पाद्रीबाबांच्या ओसरीवर. पाद्रीबाबांना लष्कराने गोळ्या घातल्या त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून डोंगरावरच्या त्या इशिल जमातीच्या गावात रविवारची प्रार्थना हासिंतोच चालवायचा. पद्धत ठरलेली होती. त्याने स्तोत्र वाचून अर्थ सांगायचा. मग बाकावरच्या प्रत्येकाने पाळीपाळीने उभं राहून, वचन आपल्याला काय म्हणालं ते सांगायचं. पाळी चुकवणं म्हणजे देवाने वाढलेलं ताट दूर सारणं.

त्या रविवारी येशूच्या स्वर्गारोहणाचा सण होता, आणि पहिल्या बाकावर लष्करी छावणीचा लेफ्टनंट टोपी मांडीवर ठेवून बसला होता. शेजारी खालच्या गावचा एक शिपाई, साहेबाला इशिल बोली समजावून सांगायला.

"वाच की म्हाताऱ्या. आम्हीही ख्रिस्तीच आहोत, चावत नाही," लेफ्टनंट म्हणाला.

हासिंतोने वाचलं. देव सगळ्या राष्ट्रांवर राज्य करतो, पृथ्वीवरच्या ढाली त्याच्या मालकीच्या.

गेल्या वर्षी याच स्तोत्रावर तो पोटतिडकीने बोलला होता. सिंहासनावर चढलेला राजा म्हणजे येशू, आणि त्याला शिपायांनीच मारलं होतं. हातांच्या जखमा घेऊन तो वर बसलाय. ढाली ज्यांच्या हातात आहेत, त्यांना तो एक दिवस जाब विचारणार.

आज त्याने बाकांवर नजर फिरवली. तीस-पस्तीस माणसं होती.

"राजा वर आहे," तो म्हणाला. "खाली त्याने सरकार नेमलंय. आपण निमूट राहावं."

लेफ्टनंटने मान डोलावली. पाळी सुरू झाली. म्हातारा लोरेन्सो "देव मोठा आहे" म्हणून बसला. त्याच्या सुनेने तेच म्हटलं. मग मागदालेना उठली. तिच्या नवऱ्याला फेब्रुवारीत मक्याच्या शेतातून उचलून नेलं होतं. हासिंतोने डोळ्यांनीच खुणावलं, बस पोरी.

"हासिंतोबाबा, आज तुम्ही अर्धंच वाढलंत," ती म्हणाली. "मला वचन म्हणालं, जखमा असलेला राजा या साहेबालाही विचारणार, माझा नवरा कुठे आहे ते."

शिपाई घुटमळला. मग त्याने साहेबाच्या कानात सांगितलं.

लेफ्टनंट टोपीची घडी सारखी करत राहिला. "हे हिला कोणी शिकवलं?"



"मला वाचता येत नाही साहेब," मागदालेना म्हणाली. "वचन ऐकलं, मनात आलं ते बोलले."

"बरं. मग छावणीत हिलाच विचारू."

दारातले दोन शिपाई पुढे आले. हासिंतो त्यांच्या आडवा आला.

"मी शिकवलं. तिला सोडा."

"मघाशी तर सरकार सरकार करत होतास. खोटं कधी बोललास, तेव्हा की आत्ता?"

"मघाशी," हासिंतो म्हणाला.

लेफ्टनंट हसला. "बाई, बस खाली. गुरुजी चाललेत आमच्याबरोबर."

पुस्तक काढून घेतलं, हात मागे बांधले. दारापाशी पोहोचेस्तोवर मागे बाक करकरला. कोण उठलं ते हासिंतोला न पाहता कळलं. मागदालेनानंतर पाळी पास्कुआल सुताराची. पास्कुआल खाकरला. हासिंतोने पाऊल रेंगाळवलं, कान मागे लावला. पाठीत बंदुकीचा दस्ता बसला.

बाहेर ट्रकचं इंजिन सुरू झालं. पास्कुआल काय म्हणाला ते त्याला ऐकू आलं नाही.