चोबानच्या पाण्यात उभा राहिलेला ट्रायपॉड

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ट्रायपॉड आहे आणि मला दुसऱ्याचे चांगले झालेले बघवत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला नवल वाटायला नको. इंडोनेशियातल्या मलांग शहरात, एका शिंप्याच्या दुकानात, शिलाई मशीनमागच्या कोपऱ्यात माझा मुक्काम असतो. सध्या माझ्या डोक्यावर कोणाची तरी अर्धवट शिवलेली पँट लटकते आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तीन सरकते पाय, ते आवळायचे खटके, खाली वजन टांगायचा आकडा आणि वर कॅमेरा बसवायची पाटी, एवढाच माझा देह. पण वजन असे, की मला उचलून दाखवताना दुकानदाराच्या तोंडून "आई गं!" निघायचे. लोक मला हात लावून पुढे जात. मग एकदा सास्मितो शिंपी आले. त्यांनी मला जमिनीवर उभे केले, गदागदा हलवून पाहिले आणि म्हणाले, "हा हलत नाही. हाच द्या." तेवढ्या एका वाक्यावर मी त्यांचा झालो.

रविवारी दुकान बंद असे. मालक केळीच्या पानात भात आणि टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या तळलेल्या वड्या, बांधून घेत, मला खांद्याला अडकवत आणि गुनादी नावाच्या आपल्या मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसत. सेमेरू ज्वालामुखीच्या उतारावर धबधबे काय थोडे आहेत! पण मालकांचा जीव चोबान लिरिंगच्या धबधब्यावर. खाली उतरायला बांबूच्या शिड्या, मग शेवाळलेली पायवाट, मग गुडघाभर पाणी. त्या पाण्यात माझे पाय रोवायचे. कॅमेऱ्याचे शटर बराच वेळ उघडे ठेवले की कोसळणारे पाणी फोटोत दुधासारखे मऊ उतरते. मात्र तेवढ्या वेळात कॅमेरा केसभरही हलता कामा नये. पाणी माझ्या पायांवर धडका मारी, तुषार अंगभर उडत, मी आपला ढिम्म. माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे क्षण ते.

आणि कौतुक कोणाचे? कॅमेऱ्याचे! मालक फोटो छापून आणत आणि दुकानातल्या दोरीवर चिमट्यांनी लावत. एखादे गिऱ्हाईक म्हणे, "वा! कॅमेरा भारी दिसतोय तुमचा."

मालक तडकत. "मग तुमच्या कोटाचं कौतुक माझ्या कात्रीला सांगू का?"

मी कोपऱ्यातून कान देऊन असे, की आता तरी ते माझे नाव घेतील. छे! कॅमेऱ्याला निजायला मऊ पिशवी, आणि मला मशीनमागची धूळ. माझ्या पोटात दुखे. तरी मी मनाची समजूत काढी, की कॅमेरे बिघडले, बदलले, मी मात्र तोच आहे.

मग ईदेला मालकांची मुलगी लारास सुरबायाहून घरी आली आणि तिने बापाच्या हातात एक लांबट पिशवी ठेवली. आत नवा ट्रायपॉड होता. कार्बनचा, काळाभोर, तकतकीत.

"बाबा, एका बोटावर उचलून बघा."

मालकांनी उचलला. "अगं, आत काही आहे की नुसतीच पिशवी?"

"आता त्या जुन्या तोफेला पेन्शन दे रे," गुनादी म्हणाला.

तोफ! आणि मालक हसले. हसले, मित्रांनो!

त्यानंतर दर रविवारी तोच जाऊ लागला. संध्याकाळी मालक मऊ फडक्याने त्याचे पाय पुसत, सांधे खोलून वाळू काढत. पूर्वी माझेही असेच करत, पण तेव्हा मला ते हक्काचे वाटे. आता माझ्या स्क्रूंना गंज चढला, एक खटका कायमचा अडकला आणि डोक्यावर पँट्स लटकू लागल्या. मला एकच ध्यास लागला, की मालकांनी पुन्हा एकदा मला चोबानला न्यावे. आणि आड आला होता तो हलकट हलका. मी मनात म्हणे, "पड मेल्या. एकदा सपशेल पड."

आणि तो पडला.

मालक चिंब भिजून परतले. आल्या आल्या त्यांनी भिजलेला कॅमेरा सुकायला तांदळाच्या डब्यात पुरला. मागून गुनादी तणतणत आला.

"तुला शंभरदा सांगितलं, त्याच्या खालच्या आकड्याला सामानाची पिशवी टांग! हलका आहे तो. वजन दिल्याशिवाय पाण्यात टिकायचा नाही."

"लक्षातच आलं नाही रे," मालक पुटपुटले. "त्या लोखंड्याला कधी काही टांगावंच लागलं नाही. हाताला सवयच नाही."

ऐकलेत? आकडा मलाही होता, पण माझे काम त्याच्यावाचून भागत होते! मी आतून नाचलो. आता येत्या रविवारी माझाच नंबर, अशी मी खूणगाठ बांधली.

तांदळाने काही झाले नाही. कॅमेरा गेला तो गेलाच. "पुरे झालं. शिंप्यानं शिलाई करावी," असे म्हणून मालकांनी रविवारी दुकान उघडले. पुढच्या रविवारीही उघडले. दोरीवरचे फोटो उतरले. नवा ट्रायपॉड माझ्याच कोपऱ्यात आला आणि त्याच्याही डोक्यावर पँट आली. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, अशी माझी गत झाली. त्यातही त्याच्यावरची पँट माझ्यावरच्या पँटपेक्षा भारी कापडाची होती, याचा मला राग आला तो वेगळाच.

मालक मशीनवर बसत, पण हसत नसत. गिऱ्हाइकाला टोमणा मारत नसत. शेवटी गुनादीने लारासला बोलावून घेतले आणि तिच्यादेखत आपला जुना कॅमेरा मालकांसमोर ठेवला.

"माझ्याकडे धूळ खातोय. घे, वापर. आणि तोंड वर कर जरा."

"बाबा, या वेळी तो लोखंडी घेऊन जा," लारास म्हणाली. "तो तरी पडायचा नाही."

आला माझा नंबर! मालक उठले. त्यांनी माझ्या डोक्यावरची पँट काढली, मला दोन्ही हातांनी उचलले, क्षणभर धरले आणि पुन्हा खाली ठेवले.

"नको, पोरी. ह्याला घेऊन शिड्या चढलो की गुडघा दोन-दोन दिवस वाकत नाही."

"गुडघा? तुम्ही तर म्हणायचात, मशीन चालवून दुखतो!"

"खरं सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?"

"मुळीच नसतं दिलं!"

"म्हणून," मालक म्हणाले. "दुसरा नव्हता ना. आणि हा हलत नाही." त्यांनी माझ्या पाटीवर हात ठेवला.

ज्या वजनाचा मी तोरा मिरवत आलो, ते वजन त्या शिड्यांवर मालक वाहत होते. चोबानच्या पाण्यात मी ढिम्म उभा असे, तेव्हा माझ्या शेजारी ते कण्हतही असतील. पाण्याच्या आवाजात मला कधी ऐकू आले नाही. मला फार वाईट वाटले.

रविवारी मालक नव्याला घेऊन निघाले. मी जळलो, खोटे कशाला बोलू? पण गुनादीने दारातून "पिशवी टांगशील ना?" असे विचारले, तेव्हा मालकांच्या आधी मीच मनात ओरडलो, "टांगा हो, मालक! विसरू नका!" दिवसभर माझे लक्ष रस्त्याकडे होते.

मालक परतले ते लंगडत नव्हते, आणि गिऱ्हाईक नसतानाही बडबडत होते.

मित्रांनो, ट्रायपॉड कधी ओला ठेवू नका. घरी आल्यावर आधी त्याचे पाय पुसा, सांध्यांतली वाळू काढा, नाहीतर आम्ही कामातून जातो. आणि त्याला वाहून नेणाऱ्याचे गुडघे दुखतात का, तेही विचारा. त्या संध्याकाळी मात्र मालक दमले होते. त्यांनी नव्याला तसेच माझ्या अंगावर टेकवून ठेवले आणि कॉफी घेऊन बसले. त्याच्या पायांवरून चोबानचे पाणी माझ्या गंजक्या पायांवर ठिबकत राहिले. मालकांनी ते पुसायला उठू नये, असे मला फार वाटत होते.