पाचापासून मोजणारी मुलगी

फेब्रुवारीत शिकागोच्या या हॉटेलात संगीत-नाटकाच्या कॉलेजांच्या प्रवेश-चाचण्या चालतात. अकराव्या मजल्यावर भिंतीला टेकून पोरं गळा तापवायला पाण्याच्या बाटलीत नळी बुडवतात आणि नळीतूनच सूर घोळवतात. सगळा मजला उकळी फुटायच्या आधीच्या किटलीसारखा घुमत राहतो. मी आत पियानोवर असतो.

टेसा गायली. गोठलेलं तळं मधोमध हळूच तडकावं नि खालचं निळं पाणी दिसावं, तशी. परीक्षक ऑडेटबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "पोरी, आमच्याकडून होकार!"

पण यंदा कॉलेजनं शाळेतले गुण बघायला पेरिनसाहेबांना धाडलं होतं. राखी कोट, राखी मिशी.

"गणितात काठावरसुद्धा नाही. नुसत्या गळ्यावर प्रवेश मिळत नाही, बाई."

टेसा टेबलाजवळ सरकली. बाकीच्या सगळ्या कॉलेजांनी तिला नकार दिला होता. "मला येतं गणित, सर. विचारा ना."

"टेबलामागे माणसं किती?"

तिनं बोट फिरवलं. "पाच, सहा, सात. सात!"

"तीन आहोत आम्ही!"

"सातच की," नाच शिकवणारे ग्रेडीसर म्हणाले. "नाचाआधी 'पाच, सहा, सात, आठ' मोजायचं, मग एकावर सुरू. पाचापासूनच धरतात, साहेब."

"मग एक ते चार कुठे गेले?"

"ते वाजून गेले," मी पियानोमागून म्हणालो.

साहेबांनी स्वतः मोजलं. "एक, दोन..."

"अहो, जपून!" ऑडेटबाई कळवळल्या. "एकावर पाऊल पडतं. तयारीशिवाय टाकाल तर घोटा जाईल!"

साहेबांनी बोट आखडून खिशात घातलं. "बत्तीस भागिले चार?"

"आठ! नाचाचं एक आवर्तन." टेसानं चुटकीसरशी सांगितलं.

"टोपलीत बारा सफरचंदं, त्यातली पाच कुजली—"

"कुठल्या तालात?" टेसानं विचारलं.

"हो, ताल सांगा ना," ग्रेडीसर म्हणाले. "पोरीला उगाच अडवता कशाला?"

साहेबांनी आमच्या चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं. वेड्यांच्या घरात शहाण्यानं बसायला खुर्ची शोधावी, तसं. मग हताश होऊन कोटाची बटणं सोडली.

"उन्हाळ्यात गणिताची परीक्षा पुन्हा दे. पास झालीस तर जागा तुझी. मीच शिकवीन तुला. पण एकापासून!"

टेसानं खाली मान घातली. तिचा आवाज अगदी बारीक झाला. "सर, एकाच्या आधी श्वास घेऊ द्याल?"

साहेबांनी खिशातलं बोट बाहेर काढलं. बाहेर नळ्या घुमत होत्या.

"घे," ते म्हणाले. "सावकाश घे."