खुळखुळ्याच्या पोटातले सात मोती

टण्ण.

दुपारची वेळ होती. चिमुरडी मनस्वी झोपली होती, कुकर थंड झाला होता आणि करंजाड्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात पंख्याशिवाय कुणाचाच आवाज नव्हता. तेवढ्यात कपाट पुसताना तिच्या आईच्या, गीतांजलीच्या, हातून मी फरशीवर पडलो. माझा सांधा उकलला.

मित्रांनो, मी एक जुना खुळखुळा आहे. चांदीचा, काळवंडलेला. माझ्या मुठीवर चार पिढ्यांच्या दुधाच्या दातांच्या खुणा आहेत. मला घडवलं समुद्रापलीकडच्या एका बंदरातल्या कारागिराने. समोरच्या घरातल्या नूरीखालाचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, जहाजावर खलाशी होते. मजुरीत मिळालेले सात मोती वाटेत चोरीला जाऊ नयेत, म्हणून त्यांनी ते माझ्या पोटात घालून तोंड बंद करून घेतलं. घरी आल्यावर ते मला उघडणारच होते. पण पाळण्यातल्या तान्ह्या लेकीपुढे त्यांनी मला सहज हलवलं, आणि ती पहिल्यांदा हसली. मग त्यांचा हात काही धजावला नाही. उद्या बघू, परवा बघू असं करत ते पुन्हा जहाजावर गेले. ते परत आलेच नाहीत. मोत्यांचं कुणाला सांगायचंही राहून गेलं.

त्या लेकीने मला चावलं, मग तिच्या नूरीने, मग नूरीच्या मुलांनी. पुढे मी ट्रंकेत पडलो. बरीच वर्षं अंधारात होतो, खोटं कशाला सांगू? मनस्वीच्या बारशाला नूरीखालाने मला बाहेर काढलं, राखेने घासलं आणि बाळाच्या मुठीत दिलं. पुन्हा माझं कौतुक झालं. मनस्वी चालायला लागली, तसा मी कपाटावर गेलो.

पडल्यानंतर गीतांजलीने मला पनवेलला मधुकर सोनारांकडे नेलं. सांधा जोडायला आच द्यायच्या आधी पोट रिकामं करायला हवं, म्हणून त्यांनी मला तळहातावर उलटं केलं. मग बराच वेळ ते भिंग लावून बसले.

"वहिनी, हे खडे नाहीत. समुद्रातले जुने मोती आहेत. विकलेत तर दारात गाडी येईल. पर्स जरा जपून धरा."

गाडीचं सोडा. तिच्या नवऱ्याची, प्रसादची, कळंबोलीच्या लोखंडाच्या गोदामातली नोकरी जाऊन दोन महिने झाले होते आणि घराचे हप्ते थकले होते. गीतांजलीने मोत्यांची पुडी रव्याच्या डब्यात ठेवली.

"भेट दिली म्हणजे आपली झाली," प्रसाद म्हणाला. "त्यांनी खुळखुळा दिला, आपण खुळखुळा घेतला."

"हो. पण मोती कुठे दिले?"

तीन दिवस घरात रव्याचं काही झालं नाही. समोर नूरीखाला जिन्याच्या पायऱ्या आडव्या पावलांनी, एकेक करत उतरायची. गुडघ्याचं ऑपरेशन ती दर वर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणत ढकलत होती. तिचं दार वाजलं की गीतांजली आतल्या खोलीत जायची.

चौथ्या दिवशी तिने पुडी आणि मला उचललं, मनस्वीचं बोट धरलं आणि समोरची बेल वाजवली. सगळं सांगितलं.

नूरीखालाने एक मोती तळव्यावर फिरवला. "आमच्या नानांचे," ती हळूच म्हणाली. मग हसली. "खरं सांगू, बाय? आदी कळलं असतं, तर हा खुळखुळा तुमच्याकडे आलाच नसता. झबलं दिलं असतं."

"म्हणूनच आणलेत, खाला."

"पण आता दिलंय ना. दिलेलं परत घेऊ व्हय?"

"मग तुमचा गुडघा?"

"आनि तुझ्या नवऱ्याची नोकरी? आमाला काय कळत नाय? भिंती पातळ हायत सोसायटीच्या."

पुडी टेबलावरून इकडून तिकडे सरकत राहिली. चहा गार झाला. शेवटी ठरलं, की मोती विकायचे आणि पैसे निम्मे निम्मे घ्यायचे.

मित्रांनो, मी उकललेला, रिकामा, टेबलावर पडून होतो. मोती विकणं पाप आहे, असं मी म्हणणार नाही. पोटाला लागतं, गुडघ्याला लागतं. माझं मागणं एवढंच आहे, की कुणाची भेट अशी मोलाची निघाली, तर विकण्याआधी देणाऱ्याच्या दारात एकदा जाऊन या. गीतांजली गेली, म्हणून मी तिच्यावर रागावलो नाही.

दोघी आता हलक्या झाल्या होत्या. मनस्वी मात्र खुर्चीवर गुडघे टेकून इतका वेळ ऐकत होती.

"आई, नूरीनानीने खुळखुळा मला दिला होता ना?"

"हो गं बाळा. तुलाच."

"मग मी विकायला नाही म्हटलं, तर?"

गीतांजलीने नूरीखालाकडे पाहिलं. नूरीखाला मोत्यांकडे पाहत होती.