सांजगडाचं उकळतं तीर्थ

तांब्याच्या घंगाळात थंडगार पाणी होतं. खाली चूल नव्हती, निखारा नव्हता, स्टोव्हही नव्हता. भगव्या कफनीतल्या गडस्वामींनी त्यात राणीमहालाचा एक पांढरा दगड सोडला. आधी नुसतं चुरचुरलं, मग पाणी खदखदा उकळायला लागलं आणि वाफेचा लोट उठला. जमलेल्या तीनेकशे माणसांनी हात जोडले. ज्यांनी जोडले नाहीत, त्यांचे हात मोबाइल धरण्यात गुंतले होते.

सांजगड पनवेलहून जीपने तासाभरावर. वर दोन पडके बुरूज, एक टाकं आणि छप्पर उडालेला राणीमहाल. २०१२ पर्यंत तिथे रविवारची ट्रेकर पोरं आणि त्यांचे वडापाव खाणारी माकडं यांच्याशिवाय कुणी फिरकत नसे. मग गडाच्या डागडुजीचं काम निघालं, पडक्या भिंती पुन्हा बांधायला घेतल्या, आणि त्यानंतर दोन महिन्यांतच चमत्कार सुरू झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. स्वतःला फार हुशार समजतो तो मीही त्यात आलो.

माझं पनवेलात चष्म्याचं दुकान आहे. माझ्या सासूबाई सोनाबाई कामोठ्याच्या जुन्या गावातल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकलेले. मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं. उभा जन्म मासळीबाजारात काढलेली ही बाई कुणाच्या बापाला भ्यायली नाही, पण डोळ्याजवळ सुई येणार म्हटल्यावर तिची झोप उडाली. तेवढ्यात शेजारच्या दमयंतीबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला उकळत्या पाण्याचा व्हिडिओ दाखवला. म्हणजे, यांना दिसत नसल्यामुळे ऐकवला. गडस्वामी येत्या रविवारपासून ते तीर्थ डोळ्यांत घालणार होते, आणि मोतीबिंदू विरघळणार होता.

मी दुकानातून प्लास्टरचा डोळा घरी आणला आणि मोतीबिंदू म्हणजे काय ते तासभर समजावलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जीप किती वाजता येणार ते विचारलं. माझी बायको निशा म्हणाली की मंगळवार काही पळून जात नाही, तेवढं आईचं मन राखा. राखलं. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधून चार गडी सासूबाईंना गडावर घेऊन निघाले. बाईंना समोरचं माणूस दिसत नव्हतं, तरी डावीकडे वळा, दगड सांभाळा, अशा सूचना त्या वरपर्यंत देत होत्या.

गडस्वामींचं मूळ नाव कल्पेश. याच गडाच्या दरवाजात तो पूर्वी लिंबू सरबत विकायचा. मी ते दोनदा प्यायलोय. त्यातलं लिंबूही श्रद्धेनेच शोधावं लागे. आता तो डोळे अर्धे मिटून बोलत होता. राणीसाहेबांनी कोपून महालाला हात लावला, तो अग्नी भिंतींत शिरला. इंग्रजांनी तोफा डागल्या, अग्नी विझला नाही. परदेशी शास्त्रज्ञ आले, त्यांची यंत्रं बंद पडली. कुठल्या देशातले शास्त्रज्ञ, असं एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, तेव्हा स्वामींनी उरलेले अर्धे डोळेही मिटून घेतले.

तोवर हे तीर्थ फक्त खरजेला लावत असत. कातडी भाजायची, सोलून निघायची, आणि स्वामी म्हणायचे, पाहा, रोग बाहेर पडतोय. डोळ्यांचा विधी त्या दिवशी पहिल्यांदाच होता. तीस जणांनी नंबर लावले होते. पहिला नंबर आमच्या सासूबाईंचा होता, आणि तो त्यांनी कोपराच्या जोरावर मिळवला होता.

विधी सुरू झाला. स्वामींनी दोन्ही हातांना कोपरापर्यंत खसाखसा तेल चोळलं. त्याला ते शांतितेल म्हणत. मग कोनाड्यातून दगड काढला, घंगाळात सोडला आणि पाणी उकळलं. आता ते पांढुरकं पाणी निवेपर्यंत जप करायचा होता.

मला राहवलं नाही. मी पुढे झालो, घंगाळ कुठून तापतंय ते वाकून पाहिलं, वायर शोधली, बॅटरी शोधली, शेवटी स्वामींच्या आसनाखाली हात घातला. एक चप्पल आणि गेल्या वर्षाचं कॅलेंडर मिळालं. लोक हसले. "चष्मेवाला आहे तो," मिथुन नावाचा एक दांडगा भक्त ओरडला, "दुकान बंद पडेल म्हणून पोट दुखतंय त्याचं." सासूबाई मान खाली घालून म्हणाल्या, "जावयबापू, गप र्‍हावा. माजी लाज काढू नका."

मी कान पाडून मागे सरलो. राणीमहालाभोवती एक दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर पाटी: मजुरांनी आत येऊ नये, अग्नी बाटतो. दोरीपलीकडे, डोक्यावरचा पदर एका बाजूने तोंडावर ओढून, ठमाबाई बसल्या होत्या. खालच्या कातकरीवाडीतल्या. दोन वर्षं डागडुजीच्या कामावर होत्या. जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि त्या हातापायांना तेल लावत होत्या. आत काय चाललंय, लोक कशाला ओरडतात, असं त्यांनी विचारलं. आम्हाला नुसता आवाज येतो, म्हणाल्या. मी रागारागात सगळं सांगितलं, दगड टाकतो आणि पाणी आपोआप उकळतं.

ठमाबाईंनी एकच प्रश्न विचारला. "हाताला त्याल लावतो का, आदी?"

मी त्यांच्या तेलकट हातांकडे पाहिलं. "लावतो," म्हणालो, "कोपरापर्यंत."

"चुनकली हाय ती," त्या म्हणाल्या. "त्याल लावल्याबिगर कोन नाय धरीत तिला. हात फुटतात."

भिंतीपलीकडेच त्यांचा हौद होता. जुन्या भिंतींना सिमेंट चालत नाही, चुनाच लागतो. भट्टीत भाजलेल्या चुनखडीची पोती गडावर येत, आणि ठमाबाई रोज ती चुनकळी हौदात टाकून पाणी सोडत. अख्खा हौद उकळे. कामावरच्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं. मग कुणाला सांगितलं कसं नाही, असं मी विचारलं.

"दोरीच्या भायेर हाव आमी. कोनाला सांगू?"

मी दोरी वर उचलली. ठमाबाई चुनकळीची टोपली घेऊन आत आल्या आणि एकच गिल्ला झाला. अग्नी बाटला, अग्नी बाटला, असं स्वामी ओरडत होते, पण पळी त्यांनी खाली ठेवली नव्हती. सासूबाईंची मान मागे, डोळे सताड उघडे, आणि तीर्थाची पळी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर. मी धावत जाऊन स्वामींचा हात पकडला; आयुष्यात कुणाचं मनगट इतकं घट्ट धरलं नव्हतं.

ठमाबाईंनी भाविकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत टोपलीतला एक खडा टाकला. जरा वेळाने बादली खदखदायला लागली.

"राणी माज्या टोपलीत पन हाय का?" त्यांनी विचारलं.

तुम्हाला वाटेल, इथे लोकांचे डोळे उघडले. कसले उघडतात. स्वामींनी जाहीर केलं की बाईचा अग्नी भुताटकीचा आणि त्यांचा देवीचा, आणि निम्म्या लोकांना ते पटलं. मिथुन बाह्या सावरत माझ्याकडे यायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "जावयबापू, हात सोडा त्यांचा. मना तीर्थ पायजेल."

तेव्हा ठमाबाईंनी घंगाळ उचललं आणि सासूबाईंच्या नाकाखाली धरलं.

"आजी, वास घे. कसला येतो?"

सासूबाईंनी वास घेतला. पन्नास वर्षं रोज दहा पानं खाणारी ती बाई. हळू आवाजात म्हणाली, "चुना."

"डोल्यात घालशील?" ठमाबाईंनी तोंडावरचा पदर मागे सारला. डावं बुबुळ पांढरंफटक होतं. "दोन वर्सांमागं हौदावर कलीचा थेंब उडाला. येकच थेंब. डोला गेला माजा."

मी दिवसभर लोकांचे डोळे बघणारा माणूस. या बाईशी मी दहा मिनिटं बोललो होतो आणि तिच्या चेहर्‍याकडे धड पाहिलंही नव्हतं. मला शरम वाटली, आणि अजून वाटते.

सासूबाईंनी दोन्ही तळहातांनी डोळे झाकून घेतले. काही वेळाने त्यांचा बाजारातला आवाज परत आला. "स्वामी, पयला तुज्या डोल्यात घाल."

स्वामी म्हणाले, त्यांना डोळ्यांचा काही त्रास नाही. मग मिथुनने तीच मागणी केली, कारण त्याची आई नंबर चारवर बसली होती. स्वामींना एकाएकी समाधी लागली, आणि ती लावण्यासाठी ते महालाच्या मागच्या खिडकीतून उतरले. उतार निसरडा होता. समाधी पायथ्याशी करवंदीच्या जाळीत उतरली, आणि संध्याकाळी पोलिसांनी उरलेले काटे काढले.

कोनाड्यात दूध पावडरचे सहा डबे निघाले. सगळ्यांत हौदावरून चोरलेली चुनकळी, आणि झाकणांवर घट्ट चिकटपट्टी. दमट हवा लागली की चुनकळी विरते आणि मग उकळत नाही. इंग्रजांच्या तोफांना न भ्यालेला अग्नी सर्दीला मात्र भीत होता.

मंगळवारी सासूबाईंचं ऑपरेशन झालं. बुधवारी पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी डॉक्टरांना बजावलं की ठमाबाईंचा डोळा तपासायचा, आज म्हणजे आजच. मी जाऊन त्यांना घेऊन आलो. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि सांगितलं की आता काही होणार नाही. थेंब उडाला त्या क्षणी स्वच्छ पाण्याने डोळा धूधू धुतला असता, लगेच दवाखान्यात आणलं असतं, तर कदाचित वाचला असता. ठमाबाईंनी फक्त दुसरा डोळा टिकेल ना, एवढं विचारलं. सासूबाई त्यांचा हात धरून ढसाढसा रडल्या. हौदावरच्या सगळ्या बाया आता माझ्या दुकानातले चहूबाजूंनी बंद असलेले गॉगल लावून काम करतात.

पाणी कारणाशिवाय उकळत नाही. कारण कधी शाळेच्या पुस्तकात असतं, कधी कुणाच्या भाजलेल्या हातांत. तेव्हा पुढच्या वेळी असं काही दिसलं, तर हात जोडण्याआधी ते काम रोज करणार्‍या माणसाला शोधा आणि विचारा. ठमाबाईंना एका डोळ्याने जे कळत होतं, ते आम्हा तीनशे जणांना गड चढून जाऊनही दिसलं नव्हतं, कारण आम्हीच त्यांना बाहेर बसवलं होतं.